लोणारच्या खाऱ्या तळ्याभोवती पायी: खान्देशातून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-भुसावळकडचे आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी पायी भटकतो. लोणारला बऱ्याचदा जाणं झालं, त्यामुळे दिवाळी जवळ आली की ओळखीपाळखीचे फोन सुरू होतात आणि प्रश्न तेच ते असतात. प्रत्येकाला निराळं सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं इथे एकदाच लिहून ठेवलं आहे.

लोणार खान्देशात येतं का?

नाही. उल्केच्या टकरीने झालेलं हे विवर आणि त्याच्या तळाचं खारं तळं बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात आहे. पण आपल्याकडून मुक्ताईनगर ओलांडलं की बुलढाणा जिल्हा लागतोच, आणि आपल्यापैकी निम्म्यांची सोयरीक तिकडेच आहे. जाणं परक्या मुलखात गेल्यासारखं वाटत नाही.

ट्रेकिंगची सवय नाही. जमेल का?

जमेल, फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: लोणार हा उलटा डोंगर आहे.

लळिंगला किंवा तोरणमाळच्या कड्यांवर आपण ताजेतवाने असताना चढतो आणि दमल्यावर उतरतो. दम लागला तर अर्ध्यातून परत फिरायची सोय असते, परतीची वाट उताराची असते. लोणारला याच्या बरोबर उलट आहे. सकाळच्या गारव्यात हसत-खेळत, फोटो काढत खाली उतरायचं आणि ऊन डोक्यावर आल्यावर, पाणी संपत आलेलं असताना चढायचं. कड्यापासून तळ्यापर्यंतची खोली साधारण १३७ मीटर आहे. चाळीसेक मजल्यांची इमारत समजा. चाळीस मजले काही फार नाहीत, सावकाश चढलं तर कोणीही धडधाकट माणूस चढेल. पण खाली पोचल्यावर ‘झालं, पोचलो’ असं मनाने घेतलेलं असतं, आणि तिथेच घोळ होतो. पोचणं म्हणजे परत वर येणं. निम्मी ताकद आणि निम्म्याहून जास्त पाणी चढासाठी राखून ठेवा, बाकी हे चालणं सोपं आहे.

सोप्या वाटा कोणत्या?

सर्वांत रुळलेली वाट गावाच्या बाजूची. लोणार गावालगत विवराच्या ईशान्य कडेला धारेचं देऊळ आहे, त्यालाच गोमुखही म्हणतात. तिथे गोड्या पाण्याची धार बाराही महिने पडत असते. तिच्या बाजूने पायऱ्या आणि पुढे मातीची वाट तळ्याकडे उतरते. आजूबाजूला साग, सीताफळ, बाभूळ, चिंच. मध्ये जुन्या देवळांचे अवशेष लागतात, काहींवर वडा-पिंपळाची मुळं चढली आहेत. उतरायला अर्धा-पाऊण तास, चढायला एक तास धरा. घाई नसेल तर हीच वाट घ्या. सावली मिळते आणि सुरुवात-शेवट दोन्ही गोड पाण्यापाशी होतो.

दुसरी वाट वरच्या पर्यटन महामंडळाच्या निवासाच्या बाजूने रामगयेच्या देवळाकडे उतरते. तिची सुरुवात सोपी वाटते, पण मधे सुटी खडी आहे. खाली येताना पाय सरकतो, विशेषतः गुळगुळीत तळाच्या बुटांचा. आमच्यातले एक काका इथे दोनदा बसले, आणि दोन्ही वेळा दोष दगडाला दिला.

तिसरं चालणं खाली उतरल्यावरचं, काठाकाठाने कमळजा देवीकडे. सपाट आहे, पण चिखल आणि काटेरी झुडपं किती लागतील ते त्या वर्षीच्या पाण्यावर ठरतं. पाऊस चांगला झालेल्या वर्षी तळं वाढतं आणि काठची देवळं पाण्याने वेढली जातात. म्हणून मागच्या वर्षी कोणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका, वर प्रवेशाच्या ठिकाणी विचारून मगच उतरा.

चौथी वाट ज्यांना उतरायचंच नाही त्यांच्यासाठी: कड्यावरून चालणं. विवराचा कडा आसपासच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंचावलेला आहे. एका बाजूला कापूस-सोयाबीनची शेतं आणि दुसऱ्या बाजूला थेट खाली हिरवंगार तळं, असं दृश्य चालता चालता मिळतं. संध्याकाळचा एक तास यासाठी ठेवा. माझं विचाराल तर खाली उतरण्यापेक्षा मला हेच जास्त आवडतं, कारण विवराचा गोल आकार डोळ्यात भरतो तो वरूनच. खाली गेलात की तुम्ही एका झाडीने भरलेल्या वाटीत असता, बस.

पूर्ण प्रदक्षिणा घालता येते का?

हिशेब सोपा आहे. कड्याचा व्यास सुमारे १.८ किमी, म्हणजे घेर साडेपाच-सहा किमी. खालच्या तळ्याचा व्यास साधारण १.२ किमी, घेर चारेक किमी. आकडे ऐकून ‘एवढंच?’ असं वाटतं. पण वरच्या कड्यावर सगळीकडे वाट नाही. कुठे डांबरी रस्ता, कुठे शेताचा बांध, कुठे काटेरी कुंपण आडवं येतं. खालच्या काठाला दलदल आणि वेडी बाभूळ आहे. पांढरा कोरडा दिसणारा थर म्हणजे टणक जमीन असं समजून पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जातो, आणि तो चिखल सडलेल्या अंड्यासारखा वास मारतो. प्रदक्षिणेचा हट्ट नको. अर्धा वळसा घालून आल्या वाटेने परतलात तरी काही चुकत नाही.

लहान मुलं आणि आजी-आजोबा?

मुलं आठ-नऊ वर्षांची असतील तर धारेच्या वाटेने न्या. त्याहून लहान असतील तर परतीला ती तुमच्या खांद्यावर असतील हे गृहीत धरा. गुडघे दुखणाऱ्यांना चढापेक्षा उतार त्रास देतो, तेव्हा आजी-आजोबांनी धारेपर्यंत यावं, देवदर्शन करावं, कड्यावर बसून तळं बघावं. आमच्या आजीला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, “तठे काय शे रे? खड्डा आन् खारं पानी!” मग कड्यावर दोन तास बसून राहिली आणि उठायला तयार होईना.

कोणत्या महिन्यात जावं?

दसऱ्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. हवा थंड, पाणी भरलेलं, पक्षी आलेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात, तो वेगळा फायदा.

पावसाळ्यात विवर देखणं दिसतं, पण काळ्या दगडावर शेवाळ आणि वाटेवर चिखल. पाय घट्ट असलेल्यांनीच जावं.

एप्रिल-मे नको. आपण जळगाव-भुसावळची माणसं ४५ अंशांत लग्नं उरकतो, त्यामुळे ऊन आपल्याला माहीत आहे असा आपला समज असतो. पण विवर म्हणजे वाटी. तिच्यात वारा शिरत नाही, काळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा दगड, तापतो आणि पाण्यावरून उष्णता अंगावर येते. गावातल्या दैत्यसुदन मंदिरात मेच्या मध्याला सूर्यकिरण मूर्तीवर पडतात, तो सोहळा बघायला जायचं असेल तर जरूर जा, पण तेवढं बघून सावलीत बसा, तळ्यात उतरू नका.

खान्देशातून जायचं कसं?

जळगाव-भुसावळकरांनी मुक्ताईनगर, मलकापूर, मोताळा करत राजूर घाटाने बुलढाण्याला चढावं. पुढे चिखली, मेहकर, सुलतानपूर आणि लोणार. जामनेरकडूनही बुलढाण्याला निघता येतं. मधे चहा-नाश्ता धरून चार-पाच तास लागतात. राजूर घाट लागला की तापी-पूर्णेचं सपाट काळं रान मागे पडतं आणि आपण पठारावर येतो. हवेतला फरक गाडीची काच खाली केली की कळतो. पैनगंगा नदीचा उगम याच बुलढाण्याच्या डोंगरात आहे.

धुळे-चाळीसगावकरांना कन्नड घाट, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेड राजा हा रस्ता बरा. जिजाऊंचं जन्मस्थान वाटेतच आहे, तासभर थांबता येतं. नंदुरबारकरांनो, तुमचं अंतर मोठं आहे. दोन मुक्कामांशिवाय निघू नका.

रेल्वे लोणारला जात नाही. भुसावळहून गाडीने मलकापूर आणि तिथून एसटी, असं करता येतं. थेट बस मिळाली तर नशीब, नाहीतर आधी बुलढाणा किंवा मेहकर गाठा आणि तिथून पुढची बस पकडा. परतीच्या शेवटच्या बसची वेळ लोणार स्थानकावर उतरल्या उतरल्या विचारून घ्या, संध्याकाळी नव्हे.

एका दिवसात जाऊन येता येईल?

येईल, पण पहाटे चारला निघालात तरी तळ्यावर पोचेपर्यंत नऊ वाजतात आणि उतरता ऐन उन्हात. आम्ही शनिवारी दुपारी निघतो, संध्याकाळी कड्यावरून फिरतो, लोणारलाच मुक्काम करतो आणि रविवारी प्रवेश सुरू झाला की लगेच उतरतो. दहा-साडेदहाला वर. दुपारी गावातली देवळं बघून रात्री घरी. पर्यटन महामंडळाचं निवास कड्याजवळ आहे, गावात लॉज आहेत. सुट्ट्यांमध्ये आधी ठरवून ठेवा.

पाणी किती न्यावं?

माणशी दोन लिटर, हिवाळ्यातही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. पहिल्या खेपेला आम्ही चौघे होतो आणि दोन बाटल्या. उतरताना एक संपली, काठावर फोटोच्या नादात दुसरी. समोर एवढं तळं पसरलेलं आणि पिण्यासारखा एक घोट नाही, अशी गंमत. चढताना बोलणं बंद झालं, मग एकमेकांकडे बघणंही. वर धारेखाली तोंड धरलं तेव्हा कुठे माणसात आलो. तेव्हापासून एक भरलेली बाटली पिशवीच्या तळाशी बांधून ठेवतो आणि ती चढाच्या अर्ध्यात आल्याशिवाय सोडत नाही.

खायला काय घ्यावं?

कळण्याची भाकरी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे, आणि आपली केळी. भरीत घरी ठेवा. भरीत खाऊन चढ चढता येत नाही, झोप येते. सालं आणि कागद पिशवीत परत आणा. माकडं आहेत, त्यांना पिशवीची चेन उघडता येते, आणि एकदा चव लागली की पुढच्या माणसाच्या हातातलं ती ओढून घेतात.

पाणी खारं का आहे?

कारण आत येणाऱ्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. धार, पाझर आणि पाऊस, सगळं वाटीत जमतं आणि फक्त उन्हाने उडून जातं. भोवतालच्या बेसाल्टमधून झिजून आलेले क्षार मात्र मागे राहतात, आणि हे हजारो वर्षं चाललं आहे.

हे खारेपण समुद्राचं नाही. मिठासोबत सोड्याचे क्षार भरपूर आहेत, म्हणून पाण्याचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचं माप) दहाच्या आसपास असतो आणि बोटांना ते साबणासारखं बुळबुळीत लागतं. आपल्या बायकांना लगेच समजेल असं सांगायचं तर, पापडखाराचं भावंड. उडदाच्या पापडाच्या पिठात जो खार घालतो त्याच जातीचं. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर पांढरा थर धरतो. एके काळी हा खार गोळा करण्याचा इथे धंदाच होता. पापडी, भुसकी, दल्ला अशी त्याच्या प्रतींची नावं होती, आणि काच व साबण बनवायला इथला माल जायचा अशी नोंद अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’त सापडते. आता हे अभयारण्य आहे. पुडीत बांधून घरी आणायचा मोह नको.

आणखी एक गैरसमज: नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी आणि हे पाणी एकच, असं काही जण सांगतात. तसं नाही. तो पूर्णा खोऱ्यातल्या गाळाचा खारेपणा आहे, घाटाच्या खालचा. लोणार घाटाच्या वर, स्वतंत्र बंद भांडं आहे.

पोहता येतं का? पाय बुडवले तर?

पोहायला मनाई आहे, आणि नसती तरी नको म्हटलं असतं. डोळ्यात गेलं तर चरचरतं, कातडी कोरडी पडते, तळाला गाळ आहे. बोट बुडवून बघितलंत तर लगेच गोड्या पाण्याने धुवा. त्वचारोग बरे होतात म्हणून अंगाला चिखल लावणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

खरंच उल्का पडली होती की ज्वालामुखी होता?

उल्काच. शंभर-दीडशे वर्षं जाणकारही ज्वालामुखी म्हणत होते, आणि त्यांचं तरी काय चुकलं? सगळा दख्खनचा पठारच लाव्हाचा. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पण उल्केचा भक्कम पुरावा पुढे आला १९७३ मध्ये: इथल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडलं. हे काचेसारखं द्रव्य बनायला जो दाब लागतो तो ज्वालामुखीत तयार होत नाही, आकाशातून आलेल्या धोंड्याच्या टकरीतच होतो. १९७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने विवराला राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा दर्जा दिला.

चालताना हे डोळ्यांनी बघता येतं, म्हणून सांगतो. उतरताना भिंतीकडे लक्ष द्या. लाव्हाचे पाच-सहा थर एकावर एक दिसतात. हे थर मुळात आडवे. पण कड्याजवळ ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, जणू कोणी चपातीच्या कडा उचलून धरल्यात. टकरीने उचलल्याची ती खूण. कड्याबाहेरच्या शेतांतही किलोमीटरभर तरी त्या वेळी उडालेल्या दगडमातीची चादर पसरलेली आहे, शेतकरी तीच नांगरतात. आणि तुम्ही काठावर उभे राहता तो खरा तळ नव्हेच, तळ्याखाली शंभरेक मीटर गाळ साठला आहे.

वय विचाराल तर दोन आकडे ऐकू येतील. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं, आणि आर्गॉन वायूवरून काढलेल्या नंतरच्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. फलकांवर बहुतेक पहिलाच असतो. ‘जगातलं एकमेव बेसाल्टमधलं विवर’ हेही सरसकट खरं नाही, ब्राझीलमध्ये तशी विवरं आहेत. पण इतकं नीट टिकलेलं आणि बसने जाऊन बघता येणारं दुसरं आपल्याला कुठे मिळणार?

पाणी गुलाबी दिसेल का?

बहुधा नाही, हिरवं दिसेल. ते सूक्ष्म शेवाळामुळे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा टाळेबंदी होती, आपण सगळ्यांनी ते मोबाईलवरच पाहिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. पाणी आटून खारेपणा वाढला की ते वाढतात आणि त्यांचं रंगद्रव्य पाण्याला गुलाबी करतं. पाऊस पडला, पाणी पातळ झालं, रंग गेला. त्याच वर्षी लोणारचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला, नाशिकच्या नांदूरमधमेश्वरानंतरचं महाराष्ट्रातलं दुसरं ठिकाण.

कोणती देवळं चुकवू नयेत?

गावातलं दैत्यसुदन पहिलं. विष्णूने लवणासुराला मारलं ती इथली कथा. तो दैत्य जमिनीखाली लपला होता, विष्णूने वरचं झाकण उडवलं आणि खड्डा उरला. कथा सांगणाऱ्याने आकाशातून काहीतरी येऊन जमीन उघडली हे नेमकं धरलंय, याचं मला दर वेळी नवल वाटतं. देऊळ चालुक्यकाळातलं, तारकाकृती आराखड्याचं, भिंती मूर्तींनी भरलेल्या. किमान पाऊण तास द्या.

खाली कमळजा देवी. नवरात्रात इथे यात्रा भरते. देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे: एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट, अशी ख्याती. गोडं कोणतं, सासू की सून, यावर आमच्या गाडीत परतीचा अर्धा रस्ता जातो.

मोठा मारुती अंबर तळ्याजवळ, निजलेला आहे. अंबर तळ्याला छोटं लोणार म्हणतात आणि तेही उल्केच्या तुकड्याने झालं असं सांगतात. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही.

मारुतीच्या दगडाजवळ होकायंत्र फिरतं म्हणे?

बेसाल्टमध्ये लोहाची खनिजं असतातच. होकायंत्र अशा दगडाला टेकवलं तर काटा डुलू शकतो, तो आपल्या गावच्या बंधाऱ्यावरच्या दगडापाशीही कधी कधी डुलेल. वाट शोधायला होकायंत्राची गरज नाही. वाटी आहे ही, हरवाल तर खालीच जाल.

बिबट्या आहे का?

अभयारण्यात बिबट्याचा वावर आहे, पण दिवसा माणसांच्या वाटेवर तो येत नाही. सूर्य कलायच्या आत वर या. मला जास्त धास्ती आग्या मोहोळांची वाटते. जुन्या देवळांच्या छताखाली आणि उंच झाडांवर ती असतात. अत्तर लावून जाऊ नका, आरडाओरडा नको, देवळात धूर करू नका, आणि मोहोळ दिसलं तर दगड मारणाऱ्या पोराचा हात आधी धरा. सापांसाठी साधा नियम: झुडपात हात घालायचा नाही, पाय ठेवण्याआधी जागा बघायची.

पक्षी कोणते दिसतील?

मोर जवळपास नक्की. काठावर शेकाट्या, टिटवी, पाण्यात टिबुकली, हिवाळ्यात चक्रवाक. रोहित पक्षी कधी येतात, कधी नाही. त्यांच्या आशेवर सहल आखू नका. दुर्बीण असेल तर न्या, आणि गाण्याचा स्पीकर घरी ठेवा.

वाटाड्या घ्यावा का?

पहिल्या खेपेला घ्याच. वाट सापडत नाही म्हणून नव्हे. पण कुठला दगड टकरीत वितळलेला आणि कुठला साधा, कुठल्या देवळामागे शिलालेख, या वर्षी काठ कुठपर्यंत कोरडा, हे गावातल्या माणसालाच माहीत असतं. पैसे आधी बोलून घ्या, म्हणजे दोघांनाही अवघड होत नाही.

मोबाईलला रेंज असते?

वर असते. खाली भरवसा नाही. किती वाजता वर येणार ते घरी आधीच सांगून ठेवा.

हे तळं फार मोठं आहे का?

राजस्थानातलं सांभर पाहिलं असेल तर लोणार तुम्हाला डबकं वाटेल. सांभर भरलं की दोनशे चौरस किमीच्या घरात पसरतं, लोणारचं पाणी सव्वा चौरस किमीच्या आत. पण सांभरला काठावर उभं राहिलं की नुसतं क्षितिज दिसतं. इथे पाणी, झाडी, भिंत आणि वरचं आकाश एका नजरेत मावतं, आणि सकाळभरात पायांनी मोजता येतं. ज्यांना लांबलचक चालायचं आहे त्यांचं मात्र इथे मन भरणार नाही.

आधी थोडा सराव करायचा तर आपल्याकडे कुठे?

चाळीसगावकरांना पाटणादेवी, धुळेकरांना लळिंग, यावल-चोपड्याकडे मनुदेवी. लोणारचा सराव म्हणून जाताय तर एक गंमत करा: देवदर्शन आणि जेवण आधी उरका, चढ नंतर ठेवा. जेवणानंतरचा तो अर्धा तास जमला तर लोणार जमलं.

परतल्यावर बुटांवर पांढरा थर धरतो, तो कसा काढायचा?

ओला असताना पुसू नका, पसरतो. वाळू द्या, कडक ब्रशने झाडा, मग गोड्या पाण्याने दोनदा धुवा. साबण लागत नाही. बूट उन्हात नको, सावलीत सुकवा. चामड्याचे असतील तर वाळल्यावर तेलाचा हात फिरवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात चिरा पडतात. आणि वास चार दिवस राहतो, तेव्हा बूट ओसरीवरच ठेवा.